आठ नसलेला आकडा

लढाईच्या दिवसांत सोलापूरहून आमच्याकडं येणारी सर्व्हिस मोटार पेट्रोलवर चालत नसे, कोळशाच्या गॅसवर चाले. मागच्या बाजूला लोखंडी भट्टी बांधलेली असायची आणि चढ आला की सगळे उतारू खाली उतरायचे. एकदा ती नळदुर्गच्या अलीकडं बंद पडली आणि दोन तास हलली नाही. त्या मोटारीत आमचे हे होते. शाळेसाठी खडूचे खोके आणायला सोलापूरला गेले होते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, हातात पानाची चंची, डोक्याला मळका पटका. वेळ जावा म्हणून त्यांनी मोटारीच्या धुळीनं भरलेल्या पत्र्यावर बोटानं एक आकडा लिहिला आणि यांना म्हणाले, "मास्तर, एवढा गुणून दाखवा."

तो आकडा घेऊन हे घरी आले. खडूचे दोन खोके मोटारीतच विसरले.

माझं लग्न होऊन तेव्हा सात-आठ महिने झाले होते. वय सतरा. माहेर उमरग्याकडचं, घरात आईशी कानडी, वडिलांशी मराठी. वडील देवळाच्या ओसरीवर पोरं शिकवायचे आणि मी त्यांच्या मागं बसून लिहायला-वाचायला शिकले होते आणि तीसपर्यंतचे पाढे, शिवाय पावकी, दिडकी, औटकी सगळं पाठ केलं होतं. शाळेत मात्र मला कुणी घातलं नाही. लग्न ठरलं ते शाळेतल्या दुय्यम मास्तराशी. नळदुर्ग ते उमरगा रस्त्यावरच्या एका गावात शाळा होती आणि शाळेला लागूनच मास्तरांसाठी दोन घरं. एकात आम्ही, दुसऱ्यात सदर मास्तर, म्हणजे हेडमास्तर, आणि त्यांच्या बेगम.

तर हे आले ते पाय न धुताच चुलीपाशी. मी भाकरी थापत होते.

"एक ते नऊमधला तुझा आवडता आकडा सांग."

"आधी पाणी तरी घ्या."

"पाणी राहू दे गं. आकडा सांग!"

"सात," मी म्हणाले. का सात, ते मलाही ठाऊक नाही.

"नऊ साते?"

"त्रेसष्ट."

"आता हा आकडा त्रेसष्टनं गुण." आणि त्यांनी चुलीतला कोळसा उचलून शहाबादी फरशीवर लिहिलं: १२३४५६७९.

एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे एकोणऐंशी. एवढा मोठा आकडा मी कधी गुणला नव्हता. पिठाचे हात पुसले आणि बसले खाली. आधी तीननं गुणलं. आलं ३७०३७०३७. मला जरा हसूच आलं, कारण एवढ्यातच त्यात काहीतरी नाचल्यासारखं दिसत होतं. मग साठनं गुणलं, ७४०७४०७४०. दोन्ही ओळी एकाखाली एक मांडल्या आणि उजवीकडून बेरीज करत निघाले. सात. सात. सात. चौथ्या साताला मी यांच्याकडं बघितलं. हे तोंडावर हात धरून बसले होते. नऊ वेळा सात! सत्याहत्तर कोटी सत्याहत्तर लाख सत्याहत्तर हजार सातशे सत्याहत्तर!

मी फरशीवर लोळून हसले. खरंच लोळले. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली आणि आम्ही त्याच कोळशानं पुढचे आकडे केले. तीन घेतला की सत्तावीसनं गुणायचं, सगळे तीन. पाच घेतला की पंचेचाळीसनं, सगळे पाच. स्वैपाकघराची फरशी संपली, मग आम्ही ओसरीवर आलो.

सगळं झाल्यावर मी त्या मूळच्या आकड्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "अहो, यात आठ कुठं आहे?"

"आठ नाहीच. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात आणि एकदम नऊ."

"का?"

"का म्हणजे? तसाच आहे तो आकडा."

मला ते पटेना. मी आठ घालून बघितला, १२३४५६७८९, आणि नऊनं गुणला. आलं ११११११११०१. सगळे एक ओळीत उभे आणि शेवटच्या एकाच्या आधी मधेच एक शून्य. आठ घातला की खेळ मोडतो, आठ काढला की जमतो. पण आठानं काय घोडं मारलं होतं, ते यांना सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी आकडा शाळेत गेला आणि शाळा वेडी झाली. नऊ-नऊ आकड्यांच्या तीन ओळी मावायला पाट्या पुरेनात. कागद त्या दिवसांत मिळतच नसे, चिठ्ठी लिहायची तर जुन्या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहावी लागे. तेव्हा मुलांनी कोळसे घेतले आणि शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर गुणाकार सुरू केले. दोन दिवसांत कमरेपर्यंतची भिंत काळी झाली. त्याच्या वर उंच मुलांचे गुणाकार सुरू झाले.

सदर मास्तरांना आम्ही सदरसाहेब म्हणायचो. उंच, काटकुळे, काळी शेरवानी, लाल तुर्की टोपी. छडी कायम काखेत, पण ती कुणाच्या अंगाला लागलेली मी ऐकली नाही. ते फार्सी-उर्दूतले जाणकार. मराठी बोलायचे ते सावकाश, एकेक शब्द तपासून. त्यांनी यांना बोलावलं आणि म्हणाले, "मास्तर, हे मदारीचं खेळ आहे. मदरशात नक्को." भिंत पुसायला सांगितली. मुलांनी ती ओल्या फडक्यांनी पुसली, त्यामुळं काळी होती ती नुसती करडी झाली आणि आकडे होते तसेच दिसत राहिले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात सडा टाकत होते, तर सदरसाहेब आमच्या दारात उभे. शेरवानीची बटणं उघडी, टोपी नाही. त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी पदर ओढून बाजूला झाले. हे तोंडात राखुंडी घेऊन बाहेर आले.

"मास्तर," सदरसाहेब म्हणाले, "त्याला आठानं गुणा. नऊ-बिऊ काही नाही, फक्त आठानं."

यांनी राखुंडीच्या बोटानंच भिंतीवर गुणलं. आलं ९८७६५४३२. आकडा पायरी पायरीनं खाली उतरत होता. हे तोंड न धुताच टाळ्या वाजवायला लागले आणि सदरसाहेबांनी, ज्यांना मी कधी जोरानं बोलताना ऐकलं नव्हतं, त्यांनी दारातच "वाह वा, वाह वा" असा सूर लावला. मग त्यांना आपल्या डोक्यावर टोपी नाही याची आठवण झाली आणि ते झपाट्यानं घरी गेले.

यानंतर मदारीचा विषय कुणी काढला नाही. मधल्या सुट्टीत दोघं मास्तर भिंतीशी उभे राहून वाद घालायचे, की आठ गेला कुठं. सदरसाहेब म्हणायचे, काही तरी राज आहे, म्हणजे गुपित. हे म्हणायचे, योगायोग. आणि त्यातच निरोप आला की उस्मानाबादेहून तपासनीस साहेब आठ-दहा दिवसांत शाळा बघायला येणार. चुन्याची शोधाशोध झाली. चुना मिळाला तो एका भिंतीपुरताच.

सदरसाहेबांच्या बेगम पडद्यात असायच्या. मी त्यांना आपा म्हणायची. चाळिशीच्या आतबाहेर, अंगानं भरलेल्या, आवाज खणखणीत. दोन्ही घरांचं मागचं अंगण एकच होतं, उंच भिंतीचं, मधे आड. तिथं बाहेरचा कुणी यायचा नाही, म्हणून आपा मोकळ्या असायच्या. मूलबाळ नव्हतं. त्यांचे वडील जमीन मोजणीत अमीन होते आणि साखळी घेऊन शेतांतून फिरताना हिशेब लेकीला करायला लावायचे. मी हे सारं त्या दुपारपर्यंत जाणत नव्हते. आमचं बोलणं मसाल्याचं, लोणच्याचं.

त्या दुपारी आम्ही सांडगे घालत होतो. दोन खाटांवर धोतरं अंथरलेली, परातीत डाळीचं वाटण. मी सहज म्हणाले, "आपा, सदरसाहेब तुम्हाला काही बोलले का त्या आकड्याबद्दल?"

"बोले क्या! झोपेत पण गुणते," आपा म्हणाल्या. त्या माझ्याशी निम्मं मराठी, निम्मं दखनी बोलायच्या. "पन आठ किदर गया गे?"

"तेच तर कुणाला कळेना."

आपांनी हात धुतले. अंगणाची जमीन आदल्याच दिवशी सारवली होती. त्यांनी चुलीची एक काडी घेतली आणि बसकण मारली. "ये दोनो मर्द गुणतेच बैठे. गुणून काय कळणार? भागके देखो ना. नऊनं गुणलं की एक नऊ वेळा येतो. मग नऊ एक लिहायचे आणि नऊनं भागायचे. आकडा आपोआप बनेल. बनताना आठ कुठं निसटतो, ते बघू."

मला ते इतकं सोपं वाटलं की मी कपाळावर हात मारला. हात डाळीनं भरलेला होता.

त्यांनी नऊ एक लिहिले: १११११११११. मी मोठ्यानं भाग द्यायला लागले.

"अकरात नऊ एकदा. बाकी दोन. पुढचा एक खाली घेतला, एकवीस. एकविसात नऊ दोनदा, बाकी तीन. एकतीस. तीनदा, बाकी चार."

"चढती है," आपा म्हणाल्या. "जिना आहे गे हा!"

"एकेचाळीस. चारदा, बाकी पाच. एकावन्न. पाचदा, बाकी सहा. एकसष्ट. सहादा, बाकी सात. एकाहत्तर. सातदा, बाकी..." मी थांबले. "बाकी आठ."

आम्ही एकमेकींकडं बघितलं. शेवटचा एकच एक उरला होता. आपांनी तो काडीनं खाली ओढला. आठ आणि एक, एक्क्याऐंशी.

"नऊ नवे एक्क्याऐंशी," मी म्हणाले, आणि आवाज किंकाळीसारखा निघाला. "आपा! बाकी काहीच न्हाय! सरळ नऊ!"

"आठ कू जागाच नै मिली!" आपा उभ्या राहिल्या. "आठ गेलाच नाही गे! बाकीत बसला होता! आठ एकाच्या शेजारी बसला, एक्क्याऐंशी झाला, आणि नऊनं त्याला पूर्ण गिळून टाकला!"

त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि आम्ही फुगडी घातली. सांडग्याच्या हातांनी, आडाच्या भोवती, दोन बायका, एक सतरा वर्षांची आणि एक चाळिशीची. फिरता फिरता मी म्हणायची "एकाहत्तर!" आणि आपा म्हणायच्या "एक्क्याऐंशी!" आणि पुन्हा. चक्कर येऊन खाली बसलो तेव्हा आपांच्याच दोन शेळ्या खाटेवर चढून सांडगे खात होत्या. एक धोतर अर्ध्याच्या वर रिकामं झालं होतं. आपांना उठताही येईना इतकं हसू येत होतं. बसल्या जागेवरून त्या शेळ्यांना म्हणत होत्या, "खाओ बाई खाओ, आज सगळ्यांना दावत आहे."

मग त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "घरी सांगायचं नाही. तडपू दे थोडं."

मी सांगितलं नाही. पण माझ्या तोंडावर ते दिसत होतं. हे मागं लागले. मी म्हणाले, आडाचं पाणी आणून द्या, मग बघू. यांनी चार दिवस, आपा आत असताना, दोन्ही घरांचं पाणी शेंदलं. मी तरी सांगेना. पाचव्या दिवशी यांनी शेवग्याच्या शेंगा सोलल्या, तेही सदरसाहेबांच्या देखत. आणि सदरसाहेबांची तिकडं काय अवस्था होती, ते आपा रोज दुपारी मला सांगायच्या आणि आम्ही पोट धरून हसायचो.

तपासनीस साहेब आले ते टांग्यातून, सकाळची शाळा भरायच्या वेळेला. ठेंगणे, गोल चेहऱ्याचे, जाड भिंगाचा चष्मा. आपा आणि मी अंगणातून शाळेत उघडणाऱ्या मागच्या दाराशी कान लावून बसलो. त्या दाराच्या पलीकडं मागचा वरांडा आणि तिथंच चौथीचा वर्ग. चुना पुढच्या भिंतीला संपला होता, त्यामुळं मागच्या भिंतीवरचे गुणाकार तसेच होते.

साहेबांनी वाचन घेतलं, कविता घेतली, नकाशा घेतला. मग भिंतीपुढं उभे राहिले.

"हे काय आहे?"

हे पुढं झाले. "साहेब, एक ते नऊमधला आपला आवडता आकडा?"

साहेब म्हणाले, "आठ."

यांनी फळ्यावर बहात्तरनं गुणलं आणि अठ्ठ्याऐंशी कोटी अठ्ठ्याऐंशी लाख अठ्ठ्याऐंशी हजार आठशे अठ्ठ्याऐंशी फळ्यावर उतरले. सगळ्या वर्गानं ते एका सुरात वाचलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, फळ्याजवळ गेले, आणि नेमका तोच प्रश्न विचारला.

"ज्यात आठच नाही, त्यातून इतके आठ निघाले. मग मूळ आकड्यात आठ का नाही?"

सदरसाहेब खाकरले. मला वाटलं ते म्हणतील, राज आहे. पण ते सावकाश, एकेक शब्द तपासून म्हणाले, "जवाब माझ्या घरात आहे, साहेब. मला सांगत नाहीत. तुम्हाला कदाचित सांगतील."

आपांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशीही वळ होता. सदरसाहेब दाराशी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बेगम, इज्जतीचा सवाल आहे."

"मी बोलीन," आपा आतून म्हणाल्या. "पन लिहील ही."

मी नाही म्हणेपर्यंत दारात चादर लावलीसुद्धा. आपा चादरीच्या आत आणि मला त्यांनी बाहेर ढकललं. वरांड्यात सगळी शाळा गोळा झाली होती, दोन्ही मास्तर, साहेब, टांगेवालासुद्धा. मी डोक्यावरचा पदर दातांत धरला. आजवर मी फरशीवर लिहिलं होतं, जमिनीवर लिहिलं होतं. फळ्यावर कधीच नाही. यांनी फळा पुसला आणि खडू माझ्या हातात दिला.

"नऊ एक लिही," चादरीतून आवाज आला. मी लिहिले. खडू दोनदा मोडला.

आपा सांगत गेल्या, मी लिहीत गेले. सुरुवातीला त्यांचा आवाज दबका होता. एकतीसपर्यंत तो मोकळा झाला. एकावन्नला मुलं त्यांच्याबरोबर म्हणायला लागली. एकसष्टला साहेब खुर्चीवरून उठले. एकाहत्तरला माझ्या तोंडातून पदर सुटला आणि मी मागं वळून, सगळ्यांकडं बघून, मोठ्यानं म्हणाले, "बाकी आठ! हा बघा आठ. इथं आहे!"

"आणि शेवटचा एक खाली घेतला की?" आपांनी विचारलं.

"एक्क्याऐंशी!" सगळी शाळा ओरडली.

"त्यात नऊ किती?"

"नऊ!"

साहेबांनी टाळी वाजवली, मग मांडीवर थाप मारली, मग खाली बसले आणि पुन्हा उठले. म्हणाले, "पुन्हा एकदा." आपांनी पुन्हा सांगितलं. या वेळी टांगेवाल्यानंसुद्धा बोटांवर मोजून म्हटलं. हे इतके हसत होते की यांना खांबाला धरावं लागलं. सदरसाहेब मात्र चादरीकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी नजर दुसरीकडं वळवली.

जाताना साहेबांनी शेरेबुकात उर्दूत काय लिहिलं ते यांनी मला वाचून दाखवलं. भिंतीबद्दल एक ओळ होती, चुना द्यावा म्हणून. आणि दुसरी, की सदर मास्तरांच्या अंगणात मुलींचा वर्ग भरवायला हरकत नाही. गणित बेगमसाहेबांनी घ्यावं, मराठी दुय्यम मास्तरांच्या पत्नीनं.

गावात चार दिवस कुजबूज झाली. एकदोन घरांतून नाक मुरडणं झालं. पण कुणालाही आपल्या पोरीला उंच भिंतीच्या आत पाठवायला अडचण वाटली नाही. पहिल्या दिवशी सात मुली आल्या. आपांनी त्यांना आवडता आकडा विचारला. सहा जणींनी सांगितला. सातवी तेल्याची मुलगी, दहा-अकरा वर्षांची, म्हणाली, "बारा."

"एक ते नऊमधला सांग गे," आपा म्हणाल्या.

"मला बाराच आवडतो."

आपांनी माझ्याकडं बघितलं, मी खांदे उडवले. बारा नवे एकशे आठ. एकशे आठनं गुणून बघितलं. आलं १३३३३३३३३२. आठ वेळा तीन, पुढं एक, मागं दोन. म्हणजे बाराच फाटून दोन टोकांना जाऊन बसला होता आणि मधे तिनांची रांग. कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं, दोन्ही मास्तरांच्या नाही, साहेबांच्या नाही.

"अगे, ये तो नवाच किस्सा!" आपा काडी टाकून म्हणाल्या, आणि मुलींना म्हणाल्या, तेरा, चौदा, पंधरा, सगळे करा.

वर्ग सुटायची वेळ टळून गेली. मुलींच्या आया शोधत आल्या. एक जण दळणासाठी लेकीला दंडाला धरून ओढत होती आणि लेक जमिनीवरून हलेना, म्हणत होती, "आई, तुझा आकडा सांग, मग येते." आईनं वैतागून सांगितलं, "चार." लेकीनं छत्तीसनं गुणलं. नऊ चार एका ओळीत उभे राहिले, तशी त्या बाईनं लेकीचा दंड सोडला, डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि आमच्यात बसली.

"आता माझ्या सासूचा कर," ती म्हणाली. "तिला सहा आवडंल. न्हाय तर नऊ. दोन्ही कर."